नागपूरचे हिस्लॉप

हिस्लॉप महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना, ज्या गृहस्थाचे हे नाव त्याच्याविषयी चार वाक्ये सांगता येतील, याची शंकाच आहे. संस्थेला नाव दिले की माणसाचे ऋण फिटले, अशी आपली समजूत असते.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. नवविवाहित पत्नी इरॅस्मा हिला घेऊन ते १८४४ च्या अखेरीस हिंदुस्थानात आले आणि १८४५ च्या आरंभी नागपूर मुलखात दाखल झाले. त्यांना येथे आणणारी देणगी मात्र एका सैनिकाची होती. मद्रास सैन्यातील कॅप्टन हिल यांनी पदरची मोठी रक्कम नागपूर येथे मिशन स्थापन व्हावे म्हणून दिली होती. त्या काळी येथे भोसल्यांचे राज्य होते. हिस्लॉप प्रथम कामठीच्या छावणीत राहिले व १८४६ साली त्यांनी नागपूर शहरात शाळा काढली.

ते धर्मप्रसारासाठी आले होते, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. १८४८ साली एका तरुणाच्या धर्मांतराच्या इच्छेवरून मोठे वादळ उठले आणि इंग्रज रेसिडेंटाने त्या तरुणास दरबाराच्या स्वाधीन केले. हिस्लॉप यांनी आपल्याच देशबांधवांविरुद्ध तक्रार मांडली. मुलगा हातचा जाईल या भीतीने व्याकूळ झालेल्या कुटुंबाची बाजू त्यांना कितपत उमगली असेल, असा प्रश्न आज वाचताना पडल्यावाचून राहत नाही.

पण या माणसाचे डोळे जमिनीकडेही लागलेले होते. १८५१ साली सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह हिंडत असता नागपूरजवळच्या टाकळी येथे काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये त्यांना गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे जीवाश्म सापडले. लाव्हाच्या एका लोंढ्यानंतर दुसरा येईपर्यंत येथे तळी होती, त्यांत जीव नांदत होते, याचा हा पुरावा. कामठीनजीकच्या सिल्लेवाडा येथील वालुकाश्मात त्यांना वनस्पतींच्या पानांचे ठसे मिळाले. तशाच पानांचे ठसे दूर ऑस्ट्रेलियातही आढळले होते. चांदा भागातील मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली प्रसिद्ध केले. शाळा, प्रवचने आणि संसार यांतून उरलेल्या वेळात हे सारे चालले होते. पुढे हिस्लोपाइट हे एका खनिजाचे नाव त्यांच्यावरूनच पडले.

दौऱ्यांत ते गोंडांच्या वस्त्यांत जात, शब्द टिपत, रीतिरिवाज लिहून घेत. त्या लेखनात मिशनऱ्याची दृष्टी नाही असे नाही. परंतु ज्यांची भाषा शिकावी असे आपल्या शहरी पंडितांना वाटले नव्हते, त्यांची लिंगोची कथा गोंडी शब्दांसह कागदावर उतरवण्याचे श्रम त्यांनी घेतले.

४ सप्टेंबर १८६३ रोजी मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत ते टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहावयास गेले होते. बोरी येथील शाळेची परीक्षा घ्यावयाची म्हणून ते मागे राहिले. आज वर्धा मार्गावरून बुटीबोरीच्या कारखान्यांकडे जाणारी वाहने त्याच परिसरातून धावतात. तेव्हा वाटेतले नाले ओलांडावयाचे ते घोड्यावरूनच. परतताना सायंकाळी पुराने फुगलेल्या नाल्यात हिस्लॉप बुडाले. घोडा स्वाराविना परत आला, तेव्हा शोध सुरू झाला. चार दिवसांनी त्यांस शेहेचाळीस वर्षे पूर्ण व्हावयाची होती. मागे इरॅस्मा आणि मुले राहिली, आणि राहिले अपुऱ्या टिपणांचे कागद.

ते कागद टेंपल यांनी जुळवले आणि टिपणे घालून १८६६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. हिस्लॉप यांच्या नावाचे महाविद्यालय निघाले ते त्यानंतर, १८८३ साली.