अडाणीपणाला नशीब न म्हणणारे ताहा हुसेन

इजिप्तमधील मघाघा गावाजवळच्या एका वस्तीवर १८८९ साली ताहा हुसेन यांचा जन्म झाला. वडिलांच्या तेरा मुलांपैकी ते सातवे. अगदी लहानपणी त्यांचे डोळे आले. काही दिवस कुणी फारसे लक्ष दिले नाही. मग गावात वैदूचेही काम करणाऱ्या न्हाव्याला बोलावले आणि त्याच्या उपचारांनी दृष्टी कायमची गेली. पुढे चार वर्षांची धाकटी बहीण ईदच्या तोंडावर आजारी पडली. ती तळमळत होती, पण डॉक्टर आणावा हे घरात कुणाला सुचले नाही. १९०२च्या ऑगस्टमध्ये डॉक्टर व्हायची स्वप्ने पाहणारा भाऊ पटकीच्या साथीत गेला. लोक याला नशीब म्हणत. ताहांनी त्याला अडाणीपणा म्हटले.

मकतबात त्यांनी वयाच्या नवव्या वर्षापर्यंत कुरआन मुखोद्गत केले होते. पण उजळणी थांबली, मुलगा विसरला, आणि वडिलांनी म्हणायला सांगितल्यावर मान खाली घालून उभा राहिला. उस्ताद मात्र शपथा घेत राहिले! कैरोच्या अल अझहरमध्ये रोजचे जेवण म्हणजे खडे-काड्या सापडणारी रोटी आणि काकवी. १९०८ साली नवे विद्यापीठ निघाले, तिथे त्यांनी १९१४ मध्ये अंध कवी अबुल अला अल-मअर्री यांच्यावरील प्रबंधासाठी डॉक्टरेट मिळवली. मग फ्रान्स, इब्न खल्दून यांच्यावरचा दुसरा प्रबंध आणि सुझान. ग्रंथ वाचून दाखवणाऱ्या या फ्रेंच तरुणीशी त्यांनी लग्न केले.

१९२६ मध्ये त्यांचे जाहिली काव्यावरचे पुस्तक आले. इस्लामपूर्व म्हणून शिकवली जाणारी बरीचशी कविता नंतर रचलेली आहे, हा त्यातला मुख्य दावा. पण काही धर्मकथांना इतिहासाचा पुरावा मानण्याबद्दलही त्यात शंका होती, आणि त्यावरच गदारोळ उठला. संसदेत चर्चा झाली, तक्रारी दाखल झाल्या. सरकारी वकिलांनी चौकशी करून १९२७ मध्ये प्रकरण बंद केले. पुस्तक मागे घेऊन, वादग्रस्त भाग वगळून, नव्या नावाने काढावे लागले.

याच धामधुमीत ‘अल हिलाल’ मासिकातून ‘अल अय्याम’ हे त्यांचे आत्मचरित्र क्रमशः येऊ लागले. त्यात ‘मी’ नाही. ‘तो मुलगा’ आहे. त्यामुळे स्वतःच्या घराबद्दल, वडिलांच्या भाबडेपणाबद्दल, उस्तादांच्या लबाडीबद्दल ते न चिडता, थोडे हसतही लिहू शकले. वादाच्या पुस्तकापेक्षा हे पुस्तक समाजाला अधिक खोल लागले असावे. पहिल्या भागाच्या शेवटी ते आपल्या नऊ वर्षांच्या लेकीशी बोलतात. आंधळ्या ईडिपस राजाला हात धरून नेणाऱ्या मुलीची गोष्ट ऐकताना ती रडली होती. तिला त्यात आपले वडील दिसले होते.

गरिबांच्या हालांवरील त्यांचा कथासंग्रह इजिप्तमध्ये छापू दिला गेला नाही, तो लेबनॉनमधून निघाला. त्यानंतर थोड्याच काळात, १९५० मध्ये, तेच लेखक शिक्षणमंत्री झाले! शिक्षणावर पाण्या-हवेइतकाच सगळ्यांचा हक्क आहे, हा त्यांचा आग्रह होता. माध्यमिक शाळांची फी त्यांनी रद्द केली. मंत्रिपद १९५२च्या जानेवारीत गेले. माफ झालेली फी मात्र परत आली नाही.

२८ ऑक्टोबर १९७३ रोजी कैरोत त्यांचे निधन झाले. रमजान ईद नुकतीच झाली होती आणि त्याच रमजानमध्ये पेटलेले युद्ध थांबून काहीच दिवस झाले होते.