रमाबाई रानडे आणि सर्वांची शाळा

यंदाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र द्यावे, असे ठरले तेव्हा मला प्रथम आठवल्या त्या श्रीमती रमाबाई रानडे. आपल्यासारख्या मंडळांची वाट ज्यांनी पाडली, त्यांत त्या अग्रभागी होत्या.

आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे, कुर्लेकरांच्या घरी, १८६२ साली त्यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षी महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह झाला, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने शिकविण्यास आरंभ केला. घरातील वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचले नाही. टोमणे सोशीत, घरकाम सांभाळीत रमाबाई मराठी शिकल्या, मग इंग्रजीही. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली, त्या खटपटीत त्यांचाही वाटा होता.

१९०१ साली वैधव्य आले. दुःख उरात ठेवून त्या पुन्हा कामाला लागल्या आणि १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने त्यांनी आपल्या वाड्यातच पुण्याचे सेवासदन सुरू केले. तेथे विधवा आणि संसारी स्त्रिया शिकू लागल्या. कोणी शिवण शिकल्या, कोणी परिचारिका झाल्या, कोणी शिक्षिका.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे शिक्षिकांचे काम. शाळा काढली तरी शिकवायला बाई नसेल, तर त्या काळी आईबाप मुलीला पाठवायला कचरत. सेवासदनाने ही उणीव ओळखली. निराधार स्त्रीला मानाची भाकरी मिळाली आणि मुलींच्या शाळांना शिक्षिका मिळाल्या.

पण संस्था काढली म्हणून सरकारची जबाबदारी संपली, असे रमाबाईंनी मानले नाही. १९२० च्या सुमारास पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न निघाला, तेव्हा ते मुलांबरोबर मुलींनाही मिळावे म्हणून त्यांनी स्त्रियांना संघटित केले. १९२४ साली त्या निवर्तल्या.

भगिनींनो, आपल्या वस्तीतील नगरपालिकेच्या शाळेत आपली मुले नसतील. मोलकरणीची, भाजीवालीची असतील. तेथे वह्या देऊन आपण थांबतो. रमाबाईंचा कित्ता गिरवायचा, तर आठवड्यातून दोन तास शिकवायला जावे आणि शिक्षक कमी असतील तर नगरपालिकेच्या दारीही जावे. हात द्यावा आणि हक्कही मागावा. या वर्धापनदिनी एवढा संकल्प केला तरी त्यांचे स्मरण सार्थ होईल.