हरिभाऊ आपटे : लेखणीचे कष्ट आणि लेखणीचा आनंद

एखादी चांगली कादंबरी हाती आली म्हणजे आम्ही तहानभूक विसरून ती वाचून काढतो, आणि शेवटचे पान उलटताच लेखकालाही विसरून जातो. ती लिहिताना त्याला कोठे अडखळावे लागले, कोठे त्याचा हात आपोआप चालला, हा विचार आम्हा विद्यार्थ्यांच्या मनास सहसा शिवत नाही. मराठी कादंबरीला प्रौढत्व आणणारे कै. हरि नारायण आपटे यांचे चरित्र या दृष्टीने अवश्य पाहण्याजोगे आहे.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे या गावी झाला. बालपणीच त्यांचे मातृछत्र हरपले. पुढे मुंबईस व नंतर पुण्यास चुलते महादेव चिमणाजी आपटे यांच्या एकत्र कुटुंबात ते वाढले. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. १८८२ साली विष्णुशास्त्री अकाली निवर्तले, तेव्हा या शिष्याने ‘शिष्यजनविलाप’ हे शोककाव्य रचले. पुढे आगरकरांचे ‘विकारविलसित’ हे ‘हॅम्लेट’चे भाषांतर प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याच शिष्याने त्यावर सविस्तर टीकालेख लिहून भाषांतरातील उणिवा दाखवून दिल्या. गुरूविषयी भक्ती आणि गुरूच्या ग्रंथाविषयी परखडपणा ही दोन्ही एकाच मनात नांदू शकतात, हे आम्ही येथे शिकण्यासारखे आहे. महाविद्यालयीन शिक्षण मात्र पदवीपर्यंत पोहोचले नाही. पदवी हुकली, तरी वाचन सुटले नाही.

त्या काळी मराठी कादंबरी ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या अद्भुतरम्य कथांत रमलेली होती. राजपुत्र, राजकन्या, विलक्षण योगायोग आणि अखेरीस सुखाचे मीलन, असा तिचा थाट असे. आपल्या शेजारच्या घरात काय घडते, हा कादंबरीचा विषय होऊ शकेल असे फारच थोड्यांना वाटत होते. हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ १८८५ साली आली. तिच्यावर रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाची छाया होती. परंतु तिच्यातील माणसे पुण्याची होती. स्वतःची वाट सापडण्यापूर्वी मोठ्या लेखकालाही दुसऱ्याच्या पाऊलखुणा धरून काही अंतर चालावे लागते.

१८९० साली हरिभाऊंनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. सुमारे सत्तावीस वर्षे ते चालले, आणि त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या त्यातूनच प्रकरणाप्रकरणाने बाहेर पडल्या. या पद्धतीतील कष्ट आम्ही नीट ध्यानात घेतले पाहिजेत. आठवडा कोणासाठी थांबत नाही. मन प्रसन्न असो वा उद्विग्न, घरात कोणी आजारी असो वा बाहेर प्लेगचा कहर असो, छापखान्याला मजकूर हवाच. शिवाय एकदा छापलेले प्रकरण परत घेता येत नाही. विसाव्या प्रकरणात काही नवे सुचले म्हणून तिसरे प्रकरण बदलावे, तर ते केव्हाच घरोघर पोहोचलेले! हरिभाऊंच्या लेखनात पाल्हाळ आहे, असा आक्षेप पुष्कळ टीकाकारांनी घेतला आहे, आणि तो खोटा नाही. परंतु हा दोष काही अंशी त्या आठवड्याच्या तगाद्याचा आहे, असे आम्हास वाटते.

मात्र याच तगाद्याने त्यांच्याकडून ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहवून घेतली. १८९० ते १८९३ या काळात ती क्रमशः प्रसिद्ध झाली. यमू नावाची मुलगी आपली हकीकत आपल्याच तोंडाने सांगते. माहेरचे लाड, सासरचा जाच, पतीसह मुंबईत काढलेले थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि सक्तीचे केशवपन, हे सारे ती आरडाओरडा न करता, घरात बोलतात त्या साध्या भाषेत सांगते. लिहिणारा पुरुष आहे, ही आठवण वाचताना पार पुसून जाते. स्वतःला विसरून दुसऱ्याच्या दुःखात शिरणे आणि त्या मुक्या दुःखाला वाचा देणे, याहून मोठा आनंद कथालेखकाला कोणता असणार?

यानंतर ‘मी’ आली. आपले सारे आयुष्य लोकसेवेला वाहणाऱ्या भावानंदाचे चित्र तिच्यात आहे. गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन केला, त्याच्या कितीतरी आधी हरिभाऊंच्या कल्पनेने तसा सेवक उभा केला होता. ‘उषःकाल’मध्ये शिवकालाची पहाट उगवली. ‘वज्राघात’मध्ये १५६५ सालच्या लढाईने झालेला विजयनगरचा नाश त्यांनी रंगविला. विजापूर आणि हंपी आम्हा सीमाभागातील विद्यार्थ्यांना दूरची नाहीत. म्हणून या दोन कादंबऱ्या आम्हाला विशेष जवळच्या वाटतात. त्यांच्या ‘स्फुट गोष्टी’ही विसरता येत नाहीत. दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या गरिबांची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही कथा वाचून आजही डोळे पाणावतात.

असे असूनही या चरित्राला एक हुरहूर लावणारी बाजू आहे. ‘गणपतराव’ अपुरी राहिली, ‘सूर्यग्रहण’ अपुरी राहिली, उतारवयातील ‘कर्मयोग’ही अपुरीच राहिली. आनंदाश्रम या संस्थेची व्यवस्था, प्राचीन संस्कृत ग्रंथांचे प्रकाशन, नगरपालिकेचे काम, सभा आणि परिषदा, या साऱ्यांचा भार त्यांच्या शिरावर होता. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. मान वाढला, पण निवांत वेळ वाढला नाही. आरंभिलेली कथा मनात घोळत असावी आणि तिचा शेवट कागदावर उतरू नये, ही लेखकाची व्यथा केवढी असेल!

३ मार्च १९१९ रोजी पुण्यास हरिभाऊंचे देहावसान झाले. पंचावन्न वर्षे पूर्ण होण्यास अवघे पाच दिवस उरले होते.

अपुऱ्या कादंबऱ्यांकडे पाहून हळहळावे, की पुऱ्या झालेल्यांकडे पाहून धन्यता मानावी? आम्हास वाटते, ही दोन्ही एकाच वृक्षाची फळे आहेत. सवड मिळेल तेव्हा लिहू, स्फूर्ती येईल तेव्हा लिहू, असे म्हणत हरिभाऊ बसले असते, तर अपुरे काहीच राहिले नसते. पण यमूही जन्मली नसती. या मासिकासाठी लेखणी उचलणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांनी एवढे जरी ध्यानी धरले, तरी त्यांचे स्मरण सार्थकी लागेल.