हाफकिन यांच्या लशीवर लोकांनी विश्वास कशाच्या आधारे ठेवला?

मुंबईत परळच्या के.ई.एम. किंवा टाटा रुग्णालयात तुम्ही कधी गेला असाल, तर जवळच हाफकिन इन्स्टिट्यूटची पाटी पाहिली असेल. हे नाव ज्यांचे आहे ते वाल्डेमार हाफकिन डॉक्टर नव्हते. तरीही लाखो लोकांनी त्यांनी बनवलेली लस टोचून घेतली. पुढे १९ मृत्यूंचा ठपकाही त्यांच्यावर आला. आरोग्याच्या बाबतीत कोणाचे ऐकावे, हा प्रश्न तुम्हाला नेहमी पडत असेल. हाफकिन यांच्या आयुष्यातून त्याचे बरेचसे उत्तर मिळते.

ग्रंथालयातून प्रयोगशाळेत

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. त्यांनी प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले, पण ज्यू असल्यामुळे तिथे पुढची वाट बंद होती. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना काम मिळाले ते ग्रंथालयात. उरलेल्या वेळात ते जंतूंवर प्रयोग करत. त्यातूनच कॉलऱ्याची लस तयार झाली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

यातून काय सिद्ध होते, याचा विचार करा. माणूस प्रामाणिक आहे आणि लस निदान त्याला तरी बाधली नाही, एवढेच. लशीने रोग टळतो की नाही, हे यातून कळत नाही. ते कळण्यासाठी जिथे रोग आहे तिथेच जावे लागते. म्हणून १८९३ मध्ये ते भारतात आले.

तुलना हाच पुरावा

१८९४ मध्ये कलकत्त्याच्या एका वस्तीत कॉलरा पसरला. तिथल्या सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर जे आजारी पडले ते सगळे लस न घेतलेले होते. एकाच वस्तीत राहणाऱ्या माणसांची ही तुलना होती. लस घेतलेल्यांकडेच पाहिले असते, तर ते लशीमुळे वाचले की नशिबाने, हे सांगता आले नसते.

मुंबईतला प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या जागेत त्यांनी लशीचे काम सुरू केले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःला टोचली. मग भायखळ्याच्या तुरुंगात लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या कैद्यांची तुलना झाली. लस घेतलेल्यांत प्लेग कमी आढळला. मात्र कैद्याला मोकळेपणाने नाही म्हणता येते का, हा प्रश्न आज आपण नक्की विचारू.

पुरावा असूनही लोक घाबरत होते. त्यांना अडाणी म्हणू नका. सरकारी पथके घरात शिरत, रोग्याला उचलून नेत. पुण्यात संताप इतका वाढला की जून १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ज्या सरकारचा धाक वाटतो, त्याच्या सुईवर भरवसा बसणे अवघड होते. मुंबईत आगाखान यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या खोजा समाजातले लोक पुढे आले. परक्या तज्ज्ञापेक्षा आपल्या ओळखीच्या माणसाचे आपण लवकर ऐकतो, ते असे.

एका बाटलीने घेतलेले बळी

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस दिली गेली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्वजण दगावले. सगळ्यांना एकाच बाटलीतून लस दिली होती. चौकशी झाली आणि दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना निलंबित करण्यात आले.

पण पुराव्यात दुसरी बाजूही होती. त्या दिवशी इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झाले नव्हते. बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केलेला नव्हता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. बाटलीत जंतू आधीपासून वाढत असते, तर उघडताच दुर्गंधी आली असती; तशी ती आली नव्हती. मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या वृत्तपत्रातून ही बाजू मांडली. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले.

तोवर पाच वर्षे गेली होती. परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. त्यांची नेमणूक कलकत्त्याला झाली. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

तुम्ही काय तपासाल?

चौकशी करणाऱ्यांकडे अधिकार होता, तरी त्यांचा निष्कर्ष चुकला. हाफकिन यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती, तरी त्यांची लस उपयोगी ठरली. म्हणजे पदव्या निरुपयोगी आहेत असे नाही. पदवी, हुद्दा किंवा ओळख पाहून कोणाचे ऐकायला सुरुवात करायची ते ठरवता येते. विश्वास पक्का व्हायला आणखी काही लागते. म्हणून कोणी औषध, लस किंवा घरगुती उपाय सुचवला, तर हे प्रश्न विचारा:

• उपाय न घेतलेल्यांशी तुलना केली आहे का, की फक्त बरे झालेल्यांचे अनुभव सांगितले जात आहेत?
• दुष्परिणाम लपवले जातात, की उघडपणे सांगितले जातात?
• इतर जाणकारांना तपासणी करू दिली जाते का? चूक सापडली तर ती मान्य होते का?
• सांगणाऱ्याचा त्यात आर्थिक फायदा आहे का?

हे प्रश्न तुमच्या डॉक्टरांनाही विचारा, संकोच करू नका. आणि तुमच्या घरातले कोणी लस घ्यायला घाबरत असेल, तर रागावू नका. भीती कशाची आहे ते आधी ऐकून घ्या आणि मग माहिती द्या.