मृदु स्वराचा गायक : नॅट किंग कोल

गोड गळा ही ईश्वराची देणगी खरी. पण अपमान सोसूनहि तो गोडवा राखणें हें मनुष्याचें स्वतःचें कर्तृत्व होय. अमेरिकन गायक नॅट किंग कोल याचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवितों तें याचसाठीं.

त्याचा जन्म ता. १७ मार्च १९१९ रोजीं अलाबामा प्रांतांतील माँटगोमेरी येथें एका कृष्णवर्णीय कुटुंबांत झाला. चर्चमध्यें ऑर्गन वाजविणारी आईच त्याची पहिली गुरु. प्रथम पियानोवादक म्हणून तो नांवारूपास आला. गायक म्हणून कीर्ति मागाहून लाभली.

१९४८ सालीं त्यानें लॉस एंजेलिस येथें घर घेतलें, तेव्हां गोऱ्या शेजाऱ्यांनीं विरोध केला. परंतु तो हटला नाहीं. १९५६ सालीं बर्मिंगहॅम येथें कांहीं गोऱ्यांनीं रंगमंचावर चढून त्याला खालीं पाडलें.

१९५७ सालीं 'लव्ह इज द थिंग' हा त्याच्या प्रेमगीतांचा ध्वनिमुद्रित संग्रह निघाला. गॉर्डन जेंकिन्सनें योजिलेल्या तंतुवाद्यांच्या मंद साथीवर, कानांत गुज सांगावें तशीं, जुनीं परिचित गीतें त्यानें गाइलीं. अमेरिकेंत खपाच्या यादींत हा संग्रह पहिला आला. मात्र त्याच वर्षीं त्याचा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम बंद पडला. देशभर जाहिरात करणारी एकहि कंपनी त्याचा खर्च उचलावयास पुढें आली नाहीं. स्वर हवा, पण माणूस नको, असा हा न्याय!

ता. १५ फेब्रुवारी १९६५ रोजीं, अवघ्या ४५ वर्षांचा असतां, फुप्फुसाच्या कर्करोगानें तो निवर्तला. धूम्रपानाचें व्यसन त्यास भोंवलें; तेवढें सोडून, मित्रहो, त्याचें धैर्य आपण घेऊं या.