पंडिता रमाबाई आणि कृपासदन

पुण्याहून दौंडकडे आगगाडीनें जातांना वाटेंत केडगांव हें लहानसें स्टेशन लागतें. पंडिता रमाबाईंनीं स्थापिलेलें मुक्तिसदन तें येथलें. रमाबाईंचें नांव आमच्या वाचकांस नवें नाहीं. त्यांची विद्वत्ता, त्यांचें धैर्य, विधवांसाठीं त्यांनीं सोसलेले कष्ट ह्यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्ही येथें त्यांच्या चरित्रांतील एकच धागा हातीं घेत आहों. जिनें आयुष्यांत कोणा मनुष्याच्या दडपणाखालीं मान वांकविली नाहीं, तिनें देवापुढें ती कशी वांकविली, आणि त्याला किती वर्षें लागलीं, एवढेंच सांगावयाचें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळ येथील अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर संस्कृत पंडित. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये असा त्या वेळचा दंडक असतां त्यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, ती विद्या दिली व त्याबद्दल लोकांचा रोष पत्करला. मुलगी आईच्याच तोंडून शिकली. पुढें कर्ज होऊन घर मोडलें आणि सारें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. देवळांत किंवा नदीच्या घाटावर पुराण वाचावें, श्रोते जें ठेवतील त्यावर निर्वाह करावा, असा क्रम कैक वर्षें चालला. भागवताचे हजारों श्लोक ह्या मुलीस मुखोद्गत झाले. पण भाकरी भाजून किंवा शेतांत राबून चार पैसे कसे मिळवावे हें मात्र घरांत कोणासच ठाऊक नव्हतें.

ह्या अज्ञानाचें फळ इ. स. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंत दुष्काळ पडला तेव्हां दिसून आलें. होतें नव्हतें तें सर्व विकून झालें. मजुरी करावी तर ब्राह्मण्याचा व विद्वत्तेचा अभिमान आड येई; भीक मागावी तर तीही लाज. हें कुटुंब कित्येक दिवस रानांत पाणी पिऊन व पाला खाऊन राहिलें. शेवटीं थोरला मुलगा श्रीनिवास अभिमान सोडून मजुरी करावयास तयार झाला; पण तोंवर उशीर झाला होता. वडील गेले, कांहीं महिन्यांत आई गेली, पुढें थोरली बहीणही गेली. आईची तिरडी उचलावयास चौथा माणूस मिळेना, म्हणून रमाबाईंनीं खांदा दिला. त्या उंचीनें कमी असल्यामुळें तो भार त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. वृद्धपणीं आपली हकीकत लिहितांना रमाबाईंनीं ह्या दिवसांतील घरच्या अभिमानाचा दोष स्पष्टपणें कबूल केला आहे. स्वतःच्या आईबापांविषयीं असें लिहिणें सोपें नसतें.

राहिलेलीं दोघें भावंडें पायींपायीं हजारों मैल हिंडत इ. स. १८७८ मध्यें कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथें एका ख्रिस्ती मेळाव्याचें त्यांना आमंत्रण आलें. मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकतात असें पाहून हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात कीं काय, असा त्यांचा समज झाला! त्याच ठिकाणीं त्यांना संस्कृत भाषेंतील पवित्र शास्त्राची प्रत मिळाली. पण तिची भाषा व तींतील शिकवण इतकी अपरिचित वाटली कीं, ती वाचणें म्हणजे वेळ दवडणें होय असें रमाबाईंस वाटलें. इकडे कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांची परीक्षा घेऊन 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. वीस वर्षांच्या मुलीस ह्याहून मोठा मान त्या काळीं मिळणें शक्य नव्हतें.

पुढच्या चार वर्षांत भाऊ वारला, विपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशीं विवाह झाला, मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्यें पटकीनें पति गेले. पतीच्या घरींच रमाबाईंना बंगालींतील लूककृत शुभवर्तमान प्रथम गोडीनें वाचावयास मिळालें होतें. वैधव्य आल्यावर त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हें पुस्तक लिहिलें, व त्याच्या उत्पन्नावर इ. स. १८८३ त इंग्लंडास गेल्या.

तेथें वाँटेज येथील धर्मभगिनींनीं त्यांना लंडनजवळील फुलहॅम येथील एक आश्रम दाखविला. समाजानें ज्यांना पतित म्हणून बाहेर लोटलें अशा स्त्रियांची तेथें प्रेमानें शुश्रूषा चाले. शास्त्रें पुष्कळ पढलेल्या रमाबाईंना हें दृश्य नवीन होतें. असल्या स्त्रियांस प्रायश्चित्तें व शिक्षा सांगितलेल्या त्यांनीं वाचल्या होत्या. त्यांना उचलून घेणारें कोणी पाहिलें नव्हतें. ह्या दयेचें मूळ कशांत आहे असें त्यांनीं विचारलें, तेव्हां भगिनींनीं त्यांस प्रभु येशू व शोमरोनी स्त्री ह्यांच्या भेटीचा वृत्तांत वाचून दाखविला. त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं रमाबाईंनीं लहान मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा झाला म्हणून त्या कोणाच्या मुठींत गेल्या असें मात्र झालें नाहीं. गळ्यांतील क्रुसावर लॅटिन अक्षरें नकोत, संस्कृत असावीं, असा त्यांनीं आग्रह धरला. मांसाहार केला नाहीं. चेल्टनहॅमच्या कॉलेजांत त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावें कीं नाहीं असा प्रश्न निघाला, तेव्हां दोन बिशपांनीं हरकत घेतली. ती रमाबाईंस मुळींच रुचली नाहीं. त्रैक्यासारख्या गहन सिद्धांतांवर त्या आपल्या धर्ममातेशीं, भगिनी जेराल्डीन ह्यांच्याशीं, पत्रांतून वाद घालीत. नम्रता शिक, असा उपदेश त्यांना वारंवार होई. ह्या प्रकरणीं दोष कोणाचा हें ठरवूं पाहणारे आजही दोन पक्ष करतात. आम्हांस असें वाटतें कीं, ज्या नम्रतेचा उपदेश होत होता तिच्यांत ख्रिस्ताची आज्ञा थोडी व बिशपांची अधिक होती. आणि तरीही रमाबाईंस जी नम्रता पुढें लाभावयाची होती ती अजून त्यांना लाभली नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात.

इ. स. १८८६ त डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानासाठीं त्या अमेरिकेस गेल्या, तेथें विधवांच्या शाळेसाठीं मदत मिळविली, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास गेलें. कीर्ति, संस्था, परदेशचे मित्र, सर्व कांहीं हातीं होतें.

नेमक्या ह्याच काळांत, इ. स. १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅस्लम नांवाच्या इंग्रज पाळकाचें आत्मचरित्र त्यांच्या वाचनांत आलें. हा गृहस्थ कित्येक वर्षें पाळकपण करीत असतां स्वतःच व्यासपीठावरून उपदेश करतांना पालटला! रमाबाई विचारांत पडल्या. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्याचीं तत्त्वें पटवून घेतलीं, त्यांवर वाद केले. पण प्रत्यक्ष ख्रिस्ताशीं आपली भेट झाली आहे काय? ज्या स्त्रीनें सर्व कांहीं अभ्यासानें मिळविलें होतें, तिला आतां अशी एक वस्तु दिसली कीं ती अभ्यासानें मिळत नाहीं, परीक्षा देऊन मिळत नाहीं, सत्कृत्यांच्या मोबदल्यांतही मिळत नाहीं. रिकामा हात पुढें करणाऱ्यास ती फुकट मिळते. पंडितेस हात पुढें करणें जड गेलें असेल ह्यांत नवल नाहीं. बाप्तिस्म्यानंतर ह्याला आठ वर्षें लागलीं.

आणि ह्याची परीक्षा लवकरच झाली. सदनांतील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात ह्यावरून इ. स. १८९३ मध्यें पुण्यांत मोठें वादळ उठलें. न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर ह्यांच्यासारख्यांनीं सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, आणि पालकांनीं सुमारें पंचवीस मुली काढून नेल्या. पालकांचा संशय अगदींच अकारण होता असें म्हणतां येत नाहीं. ज्या घरांत आईसारखी बाई दार उघडें ठेवून प्रार्थना करते, त्या घरांतील मुलींवर तिचा परिणाम होणारच. रमाबाईंनीं दार लावून घेतलें नाहीं, आणि कोणा मुलीस प्रार्थनेस ओढलेंही नाहीं.

इ. स. १८९६ त मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. रमाबाई तेथें गेल्या, आणि त्या उपाशी मुलींच्या ठिकाणीं त्यांना वीस वर्षांपूर्वींची रानांतील रमा दिसली. सुमारें तीनशें मुली व स्त्रिया त्यांनीं आणल्या. शारदासदन उच्चवर्णीय विधवांसाठीं होतें. ह्या मुली कोणत्याही जातीच्या होत्या, कित्येक रोगानें पिडलेल्या, कित्येकींना माणसांत वागण्याची संवयही राहिली नव्हती. केडगांवच्या माळावर त्यांच्यासाठीं मुक्तिसदन उभें राहिलें. पुढें गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. आंधळ्यांसाठीं निराळी सोय झाली. त्यांना बोटांनीं वाचावयास मनोरमाबाईंनीं शिकविलें. फुलहॅमला जें पाहिलें होतें तेंही येथें उभें राहिलें. फसलेल्या व टाकून दिलेल्या स्त्रियांच्या ह्या घराचें नांव त्यांनीं कृपासदन ठेवलें.

मुक्तिसदनांत प्रत्येकीस काम असे. दळण, स्वयंपाक, शेत, गुरें, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना. ज्या पंडितांच्या घरीं काम न येण्यामुळें तीन माणसें मेलीं, त्या घरची मुलगी आतां हजारों मुलींस हातानें राबावयास शिकवीत होती. जी श्लोक म्हणे आणि जी जात्यावर ओव्या म्हणे, त्या एकाच मंडळींत गुडघे टेकीत. इ. स. १९०५ मध्यें ह्या मंडळींत प्रार्थनेची मोठी जागृति झाली. मुली तासन् तास रडत, पापें कबूल करीत, एकमेकींची क्षमा मागत. बाहेरच्या कित्येकांना हा आरडाओरडा वाटला. रमाबाईंनीं तो दडपला नाहीं. हिंदी माणूस देवापुढें आपल्याच रीतीनें हंसेल व रडेल, हें त्यांस मान्य होतें.

उतारवयांतील काम मात्र शांतपणाचें होतें. मराठी शास्त्राची प्रचलित भाषा खेड्यांतील बायकांस कळत नाहीं, तींत संस्कृत शब्दांची दाटी आहे, असें त्यांना दिसून आलें. म्हणून पन्नाशीच्या सुमारास इब्री व ग्रीक ह्या भाषा शिकून त्यांनीं सबंध पवित्र शास्त्राचें नवीन भाषांतर हातीं घेतलें. कान तर तरुणपणापासूनच अधू झालेले होते. शब्दसंपत्तीचा एवढा सांठा जवळ असणारी ही विदुषी एकेक जड शब्द बाजूस सारून अडाणी बाईच्या तोंडचा शब्द शोधीत बसे. तें भाषांतर कोठें कोठें ओबडधोबड वाटतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. तिला सुंदर संस्कृतप्रचुर मराठी लिहितां येत नव्हती म्हणून तें तसें झालें नाहीं, एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

ज्या मुलीनें हें सारें पुढें चालवावयाचें ती मनोरमा जुलै १९२१ मध्यें चाळिसाव्या वर्षीं वारली. आईनें काम थांबविलें नाहीं. भाषांतराचीं मुद्रितें तपासणें संपलें, आणि थोड्याच दिवसांनीं, ५ एप्रिल १९२२ रोजीं, रमाबाई झोपेंतच प्रभूकडे गेल्या. संपूर्ण ग्रंथ इ. स. १९२४ त केडगांवच्याच छापखान्यांतून बाहेर पडला. त्याचे खिळे जुळविणारे व कागद दुमडणारे हात मुक्तिसदनांतील स्त्रियांचे होते.