सर फ्रान्सिस गाल्टन आणि मनुष्याची चपळाई

उडत आलेला चेंडू नातवानें झेलावा व आजोबांच्या हातून तोच निसटावा, हें दृश्य आमच्या वाचकांनीं घरोघर पाहिलें असेल. आजोबांचे हात मंद झाले, असें आपण सहज म्हणतों. परंतु किती मंद झाले, हें मोजून पाहण्याची बुद्धि ज्या थोड्या पुरुषांस झाली, त्यांत सर फ्रान्सिस गाल्टन हे एक होत.

त्यांचा जन्म १८२२ सालीं इंग्लंडांत बर्मिंगहॅमजवळ एका सधन कुटुंबांत झाला. सुप्रसिद्ध चार्ल्स डार्विन हे सावत्र नात्यानें त्यांचे मामेभाऊ. वैद्यकीचा अभ्यास मध्येंच सोडून ते केंब्रिज येथें गणित शिकावयास गेले. तेथें अतिश्रमानें प्रकृति ढासळली व मानाची पदवी हुकली. (आमच्या विद्यार्थ्यांनीं ह्यावरून अभ्यास सोडण्याची सबब काढूं नये!) १८४४ सालीं वडील वारले व पोटाची चिंता उरली नाहीं. पुढें त्यांनीं नैर्ऋत्य आफ्रिकेंत प्रवास केला, हवामानाचे नकाशे काढले, बोटांच्या ठशांवर ग्रंथ लिहिला. जें दिसेल तें मोजावें, असा त्यांना छंदच जडला होता.

स्वर चढवितां येईल अशी एक बारीक शिटी त्यांनीं केली होती. तिचा अतिशय उंच स्वर मुलांस सहज ऐकूं येई. वृद्धांस मात्र कांहींच ऐकूं येत नसे, आणि ह्याचें त्यांना मोठें नवल वाटे.

१८८४ सालीं लंडन येथील आरोग्य-प्रदर्शनांत गाल्टन ह्यांनीं एक प्रयोगशाळा थाटली. तीन पेन्स देऊन कोणींही आंत यावें, उंची, वजन, दृष्टि, मुठीचा जोर मोजून घ्यावा, आणि आपल्या आकड्यांचा कागद घेऊन घरीं जावें. तेथें ९,३३७ लोकांचीं मापें घेण्यांत आलीं. प्रदर्शन संपल्यावर हेंच काम संग्रहालयाच्या आवारांत चालूं राहिलें व तेथें चपळाईचेंही माप घेऊं लागले. त्यासाठीं एक लंबक सोडीत. खूण दिसतांच किंवा आवाज होतांच समोरच्या माणसानें कळ दाबावयाची. त्यासरशी लंबकाबरोबर जाणारा दोरा चिमट्यांत अडके, आणि तो कोठें अडकला ह्यावरून सेकंदाचे शंभरावे भाग वाचतां येत.

डोळ्यांची वार्ता मेंदूस पोंचून त्याचा हुकूम हातास मिळण्यास निरोगी तरुणाला सुमारें एक पंचमांश सेकंद लागतो. कानाची वार्ता त्याहूनही लवकर पोंचते. कोगा व मोरांट ह्या दोघां अभ्यासकांनीं १९२३ सालीं गाल्टन ह्यांच्या जुन्या नोंदींचा हिशोब मांडला. बालपणीं हा काळ लांब असतो, विशीच्या सुमारास सर्वांत आखूड होतो, आणि नंतर हळूहळू वाढत जातो. एका साध्या खुणेपुरतें पाहिलें तर ही वाढ साठीपर्यंत सेकंदाच्या कांहीं शतांशांचीच असते! अनेक खुणांतून एक निवडावयाची असल्यास मात्र वृद्ध अधिक मागें पडतात. चुकण्यापेक्षां थोडें थांबणें त्यांना बरें वाटतें, हेंही त्याचें एक कारण आहे.

येथें आम्हांस गाल्टन ह्यांचें कौतुक आवरतें घ्यावें लागतें. ज्याचीं इंद्रियें तीक्ष्ण त्याची बुद्धि थोर, असा त्यांचा समज होता. १९०१ सालीं विस्लर ह्यांनीं अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवर तो पडताळून पाहिला; चपळाईचा व परीक्षेंतील गुणांचा जवळजवळ कांहींच संबंध आढळला नाहीं. ही एवढी चूक क्षम्य होती. परंतु माणसांची प्रतवारी लावून उत्तम ठरलेल्यांचीच संतति वाढवावी, ह्या मताचा त्यांनीं पुरस्कार केला व १८८३ सालीं त्यास नांवही दिलें. त्याच मताच्या आधारें पुढें अमेरिकेंत व जर्मनींत कायदे झाले आणि लाखो दुर्बलांस बळजबरीनें संततीस मुकविण्यांत आलें. स्वतः गाल्टन निःसंतान होते.

त्यांच्या पत्नी १८९७ सालीं निवर्तल्या. उतारवयांत गाल्टन ह्यांना ऐकूं कमी येऊं लागलें व दम्यानें गांठलें. तरी वयाच्या शहाऐंशीव्या वर्षीं, १९०८ सालीं, त्यांनीं आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. दुसऱ्या वर्षीं 'सर' हा किताब मिळाला, आणि १७ जानेवारी १९११ रोजीं हेझलमिअर येथें त्यांचा अंत झाला. लंबकावरील आकड्यांचा तो हिशोब होण्यास अद्याप बारा वर्षें होतीं.